गणितास मुकलेले कुलगुरू : सर आशुतोष मुखर्जी

मुंबईच्या फोर्ट विभागातून जाताना विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई मनोरा आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. कापसाच्या व्यापारात अमाप संपत्ती मिळविणारे, मूळचे सुरतचे जैन श्रेष्ठी शेठ प्रेमचंद रायचंद यांनी दिलेल्या देणगीतून तो उभा राहिला व त्यांच्या मातोश्रींचे नाव त्यास दिले गेले, हेही पुष्कळांस ठाऊक असते. मात्र याच प्रेमचंदशेठांनी १८६६ साली दूरच्या कलकत्ता विद्यापीठासही दोन लाख रुपये दिले होते आणि त्या रकमेच्या व्याजातून उच्च अध्ययनासाठी एक शिष्यवृत्ती सुरू झाली, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते. मनोरा रस्त्यावरून दिसतो. शिष्यवृत्ती कोणास दिसणार? बंगालमध्ये मात्र ‘पी. आर. एस.’ ही तीन अक्षरे विद्वान मनुष्य आपल्या नावापुढे अभिमानाने लावीत असे. १८८६ साली ही शिष्यवृत्ती बावीस वर्षांच्या एका गणिती तरुणास मिळाली. पुढे वीस वर्षांनी तोच तरुण त्या विद्यापीठाचा कुलगुरू झाला आणि केवळ परीक्षा घेणाऱ्या एका संस्थेतील अध्यापकांस त्याने संशोधनाच्या मार्गास लावले. त्या सर आशुतोष मुखर्जी यांचे हे चरित्र.

आशुतोषांचा जन्म २९ जून १८६४ रोजी कलकत्त्यात झाला. वडील गंगाप्रसाद हे नामांकित डॉक्टर होते व बंगालीत वैद्यकविषयक ग्रंथ लिहीत. मातोश्रींचे नाव जगत्तारिणीदेवी. घर भवानीपूरला. मुलाच्या शिक्षणाकडे गंगाप्रसादांचे लक्ष इतके बारीक होते की, शाळेपेक्षा घरातच त्याचा अधिक अभ्यास होई. १८७९ च्या प्रवेशपरीक्षेत आशुतोष दुसरे आले आणि पुढील वर्षी प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. तेथे पहिल्याच वर्षात असताना युक्लिडच्या एका सिद्धान्ताची नवी सिद्धता त्यांनी लिहिली आणि ती इंग्लंडमधील ‘मेसेंजर ऑफ मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकात छापून आली. त्यावेळी त्यांचे वय अवघे सोळा-सतरा वर्षांचे होते. १८८५ मध्ये ते गणितात एम.ए. झाले, १८८६ मध्ये भौतिक विज्ञानात पुन्हा एम.ए. झाले, आणि त्याच वर्षी प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. एडिंबरोच्या रॉयल सोसायटीनेही त्याच सुमारास त्यांना आपले सभासदत्व दिले. विवृत्तीय फलने, शांकवांची विकलक समीकरणे अशा विषयांवरील त्यांचे निबंध विलायतेत एकामागून एक प्रसिद्ध होत होते. केंब्रिजच्या आर्थर केली यांच्यासारख्या श्रेष्ठ गणितज्ञाने त्यांची दखल घेतली.

असा मनुष्य आयुष्यभर गणितच करील असे कोणासही वाटावे. स्वतः आशुतोषांची इच्छाही तीच होती. परंतु त्या काळच्या हिंदुस्थानात संशोधन करून पोट भरण्याची सोयच नव्हती. कलकत्ता विद्यापीठाची स्थापना मुंबई व मद्रास यांच्याबरोबर १८५७ साली झालेली. पण या तिन्ही विद्यापीठांचे काम महाविद्यालयांना संलग्नता देणे, प्रश्नपत्रिका काढणे आणि पदव्या वाटणे यापलीकडे फारसे जात नसे. विद्यापीठाचा स्वतःचा म्हणावा असा पूर्णवेळ प्राध्यापकवर्ग नव्हता. शिकविणे महाविद्यालयांत होई आणि तेही परीक्षेपुरते. सरकारी महाविद्यालयांत वरच्या श्रेणीच्या जागा युरोपीयांकडे असत. हिंदी मनुष्य कितीही विद्वान असला तरी त्याची नेमणूक बहुधा खालच्या श्रेणीत व कमी वेतनावर होई. जगदीशचंद्र बसूंनी प्रेसिडेन्सी कॉलेजात याच अन्यायाच्या निषेधार्थ तीन वर्षे पगार घेतला नव्हता. शिक्षणखात्याचे संचालक सर आल्फ्रेड क्रॉफ्ट यांनी आशुतोषांना सरकारी अध्यापकाची जागा देऊ केली, तेव्हा युरोपीयांच्या बरोबरीचा दर्जा आणि संशोधनास अनुकूल अशी स्थिर जागा या अटी त्यांनी घातल्या. त्या मान्य झाल्या नाहीत आणि त्यांनी ती नोकरी नाकारली.

त्यानंतर आणखी एक प्रयत्न झाला. १८९० साली सर गुरुदास बॅनर्जी हे कलकत्ता विद्यापीठाचे पहिले हिंदी कुलगुरू झाले. आशुतोषांसाठी विद्यापीठात गणिताचे एक अध्यासन निर्माण करावे असे त्यांच्या मनात होते आणि त्यासाठी देणगीदारांकडे त्यांनी शब्द टाकला. एका प्राध्यापकाचा योगक्षेम चालेल एवढाच निधी हवा होता. पण तोही कलकत्त्यासारख्या धनाढ्य नगरीत जमला नाही. आशुतोष १८८८ पासून उच्च न्यायालयात वकिली करीतच होते. त्यांची वकिली वाढत गेली आणि गणित मागे पडत गेले. डॉ. महेंद्रलाल सरकार यांच्या विज्ञानसंस्थेत काही वर्षे त्यांनी उच्च गणितावर व्याख्याने दिली. पुढे तीही थांबली. कायद्यात ते डॉक्टर झाले, १८९८ साली टागोर विधिव्याख्याने दिली आणि १९०४ साली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. जगाच्या दृष्टीने हा उत्कर्षच होता. परंतु एका अध्यासनाच्या अभावी आपण गणितास मुकलो, ही खंत त्यांच्या मनातून कधी गेली नाही, असे त्यांच्या पुढील सर्व कार्यावरून म्हणावे लागते. त्या कार्यात वर्षानुवर्षे त्यांची धडपड एकाच गोष्टीसाठी दिसते: बुद्धिमान मनुष्य सापडला की त्याच्यासाठी जागा, वेतन आणि मोकळा वेळ कोठून तरी उभा करायचा.

वयाच्या पंचविसाव्या वर्षी, १८८९ मध्ये, आशुतोष विद्यापीठाच्या सिनेटवर आले होते. विद्यापीठाचे नियम, हिशेब, परीक्षामंडळे यांचा त्यांच्याइतका माहीतगार दुसरा कोणी उरला नाही. १९०४ साली लॉर्ड कर्झन यांच्या कारकिर्दीत विद्यापीठांचा नवा कायदा झाला. विद्यापीठांवर सरकारची पकड बसविणारा म्हणून देशभर त्याचा निषेध झाला आणि तो योग्यही होता. मात्र त्या कायद्यात एक तरतूद अशीही होती की, विद्यापीठाने स्वतः अध्यापन करावे व स्वतःचे प्राध्यापक नेमावेत. इतरांनी कायद्यातील बेडी पाहिली. आशुतोषांनी बेडी तर पाहिलीच. पण तिच्याजवळ पडलेली किल्लीही पाहिली. १९०६ साली ते कुलगुरू झाले आणि लागोपाठ आठ वर्षे त्या पदावर राहिले. हे पद त्या काळी बिनपगारी असे. सकाळी भवानीपूरच्या घरी विद्यापीठाच्या कामाने आलेल्यांची रीघ, दिवसा न्यायासन आणि न्यायालय सुटल्यावर सिनेट हाउस असा त्यांचा क्रम होता.

कुलगुरूपदी असताना १९०८ साली कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटी स्थापन झाली, तिचे ते अध्यक्ष झाले. १९१४ च्या जानेवारीत इंडियन सायन्स काँग्रेसचे पहिले अधिवेशन कलकत्त्यास भरले, त्याचेही अध्यक्षस्थान त्यांच्याकडेच होते. पण सभा व अधिवेशने यांनी अध्यापकाचे जीवन बदलत नाही. त्यासाठी पैसा हवा होता, आणि सरकार तो देण्यास नाखूष होते.

येथे दोन वकिलांची नावे आदराने घ्यावी लागतात. सर तारकनाथ पालित यांनी १९१२ साली आयुष्यभराची कमाई, जमीन व रोकड मिळून सुमारे पंधरा लाख रुपयांची, विद्यापीठास दिली. पुढच्याच वर्षी सर रासबिहारी घोष यांनी दहा लाख दिले व नंतरही मोठी भर घातली. या दोघांच्या दानातून अप्पर सर्क्युलर रोडवर विद्यापीठाचे विज्ञान महाविद्यालय उभे राहिले. २७ मार्च १९१४ रोजी त्याची कोनशिला बसविण्यात आली. दानपत्रांची रचना आशुतोषांच्या विचाराने झाली होती. त्यांत इमारतीपेक्षा माणसांची तरतूद ठळक होती. भौतिकी, रसायन, उपयोजित गणित, वनस्पतिशास्त्र अशा विषयांची अध्यासने, त्यांच्या जोडीला संशोधक विद्यार्थ्यांच्या वृत्ती, आणि अध्यासनावर बसणारा प्राध्यापक हिंदी असावा ही अट. सरकारी श्रेणीत ज्यांना खालची पायरी मिळत होती, त्यांच्यासाठी ही वरची पायरी हिंदी धनाने बांधलेली होती. वीस-बावीस वर्षांपूर्वी गुरुदासबाबूंना जे साधले नव्हते, ते आशुतोषांनी इतरांसाठी साधले. आपल्याकडे दान म्हटले की प्रथम वास्तू व मग तिच्यावरची संगमरवरी पाटी डोळ्यांपुढे येते. माणसाच्या वेळेसाठी पैसा द्यावा हे सहजासहजी सुचत नाही, म्हणून हा तपशील मुद्दाम नोंदविला.

आता माणसे शोधायची होती. आशुतोषांचा खरा अधिकार येथे दिसतो. चंद्रशेखर वेंकट रामन हे सरकारच्या अर्थखात्यात मोठ्या पगाराचे अधिकारी होते. १९०७ साली नेमणुकीवर कलकत्त्यास आल्यापासून, कचेरीच्या आधी व नंतर ते महेंद्रलाल सरकारांच्या त्याच विज्ञानसंस्थेत प्रयोग करीत. पदरी ना विलायती पदवी, ना डॉक्टरेट. भौतिकीच्या पालित अध्यासनासाठी आशुतोषांनी याच मनुष्याची निवड केली. वेतन मात्र सरकारी वेतनाच्या निम्म्याच्या आसपास होते. शिवाय दानपत्रातील तरतुदीप्रमाणे परदेशी शिक्षण न झालेल्या प्राध्यापकाने ते घेऊन यावे अशी अपेक्षा होती आणि रामन यांनी त्यासाठी जाण्यास साफ नकार दिला. दुसरा कोणी कुलगुरू असता तर नियमावर बोट ठेवून मोकळा झाला असता. आशुतोषांनी ती अट शिथिल करवून घेतली. रामन यांच्यावर वर्गात शिकविण्याचे बंधनही ठेवले नव्हते. त्यांनी आपण होऊन शिकविले, ही गोष्ट वेगळी. १९१७ च्या जुलैत ते सरकारी नोकरी सोडून विद्यापीठात आले. १९२१ साली ऑक्सफर्डच्या विद्यापीठ-परिषदेस आशुतोषांनी त्यांना प्रतिनिधी म्हणून पाठविले. रामन यांचा तो पहिला विदेशप्रवास. परतीच्या वाटेवर भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांच्या मनात जो प्रश्न उभा केला, त्यातूनच १९२८ चा शोध व १९३० चे नोबेल पारितोषिक यांचा मार्ग निघाला.

रामन यांच्या बाबतीत तयार मनुष्य हाती आला होता. सत्येंद्रनाथ बसू व मेघनाद साहा यांची गोष्ट याहून बोधप्रद आहे. दोघे १९१५ साली गणितात एम.एस्सी. झाले, पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाने. विज्ञान महाविद्यालय निघाले होते. परंतु भौतिकीचे नियोजित प्राध्यापक देवेंद्रमोहन बसू महायुद्धामुळे जर्मनीत अडकून पडले होते. हे तरुण आशुतोषांच्या घरी गेले, वरच्या मजल्यावर पुस्तकांच्या ढिगाऱ्यात बसलेल्या त्या विशालकाय न्यायमूर्तींपुढे भीतभीत उभे राहिले आणि नवे भौतिकशास्त्र आम्हांस शिकविता येईल, असे त्यांनी सांगितले. वास्तविक ते शास्त्र त्यांनी कोणाकडून शिकलेले नव्हते. आशुतोषांनी दरमहा १२५ रुपयांची वृत्ती देऊन दोघांस एकेक प्रांत नेमून दिला: साहांनी पुंज-सिद्धान्त पाहावा, बसूंनी आइन्स्टाइन यांचा सापेक्षता-सिद्धान्त पाहावा. युद्धामुळे जर्मन नियतकालिके येत नव्हती. शिबपूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील ब्रूल नावाच्या प्राध्यापकांकडून पुस्तके मागून आणावीत, जर्मन भाषा शिकावी, रात्री वाचावे आणि दिवसा शिकवावे, असा क्रम सुरू झाला. गणित विभागाच्या प्रमुखांशी या तरुणांचे जमेना, तेव्हा त्यांस गप्प बसविण्याऐवजी भौतिकी विभागात पाठविण्यात आले.

फळ काय आले? १९२० साली सापेक्षतेवरील आइन्स्टाइन व मिंकोव्स्की यांच्या मूळ निबंधांचे साहा व बसू यांनी केलेले इंग्रजी भाषांतर कलकत्ता विद्यापीठाने प्रसिद्ध केले. त्याच वर्षी ताऱ्यांच्या वर्णपटाचा उलगडा करणारा साहांचा आयनीभवनाचा सिद्धान्त ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’ मध्ये छापून आला आणि जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी तो हाती घेतला. आणि येथे प्रेमचंदशेठ पुन्हा भेटतात. पूर्व बंगालमधील एका खेड्यात, दुकानदाराच्या गरीब घरात जन्मलेल्या या साहांना १९१९ साली ताऱ्यांच्या वर्णपटांवरील प्रबंधासाठी प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. आशुतोषांच्या विद्यार्थिदशेनंतरच्या काळात या शिष्यवृत्तीसाठी परीक्षेऐवजी संशोधनपर प्रबंध मागण्याची रीत आली होती. ती वृत्ती आणि गुरुप्रसन्न घोष यांच्या निधीतून मिळालेले साहाय्य या दोहोंच्या जोरावर साहा युरोपात दोन वर्षे राहू शकले. सुरतच्या व्यापाऱ्याने १८६६ मध्ये दिलेल्या मुद्दलाचे व्याज त्रेपन्न वर्षांनंतर ताऱ्यांच्या अभ्यासाला असे उपयोगी पडले. प्रेमचंदशेठ १९०६ सालीच निवर्तले होते.

विज्ञानाबरोबरच आशुतोषांचे लक्ष भारतीय विद्येकडेही तितकेच होते. १९१७ मध्ये पदव्युत्तर अध्यापन महाविद्यालयांकडून काढून विद्यापीठाने आपल्या हाती एकवटले. पुढील काही वर्षांत प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृती, मानववंशशास्त्र, पाली, तिबेटी, तौलनिक भाषाशास्त्र आणि देशी भाषा हे विषय एम.ए. पर्यंत शिकविले जाऊ लागले. देशी भाषेत एम.ए. होता येते ही कल्पनाच तेव्हा अनेकांस हास्यास्पद वाटत होती. आपल्या महाराष्ट्राचाही यात वाटा आहे. पुण्याचे महर्षितुल्य विद्वान सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे चिरंजीव देवदत्त भांडारकर हे पुराणवस्तू-खात्यात काम करीत होते. ओसवाल समाजाचे मूळस्थान मानल्या गेलेल्या राजस्थानातील ओसियां गावच्या मंदिरांवर त्यांनी लिहिलेला अहवाल आपल्यापैकी अभ्यासकांच्या परिचयाचा असेल. त्यांना १९१७ साली आशुतोषांनी कारमायकेल अध्यासनावर आणले आणि ते तेथे १९३६ पर्यंत राहिले. सुरेंद्रनाथ सेन या तरुण बंगाली अध्यापकाने तर मराठी शिकून सभासद बखरीचे इंग्रजी भाषांतर केले आणि मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. ही दोन्ही पुस्तके अनुक्रमे १९२० व १९२३ साली कलकत्ता विद्यापीठानेच छापली. शिवछत्रपतींचा इतिहास कलकत्त्यातून छापला जावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

छपाईचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट. आशुतोषांनी विद्यापीठाच्या छापखान्यास केवळ प्रश्नपत्रिका छापण्याचे यंत्र राहू दिले नाही. अध्यापकांचे निबंध छापण्यासाठी कला व विज्ञान यांची स्वतंत्र नियतकालिके निघाली, व्याख्यानमालांचे ग्रंथ झाले. आपण लिहिले तर ते प्रसिद्ध होईल आणि वर बसलेला मनुष्य ते वाचील, ही खात्री असली की अध्यापकाचा हात चालू लागतो. आशुतोष खरोखरच वाचीत. त्यांचे घर म्हणजे एक ग्रंथालयच होते. डॉक्टरेटचे प्रबंध परदेशी तज्ज्ञांकडे तपासणीस पाठविण्याची पद्धत त्यांनी धरली, त्यामुळे घरच्या घरी वाहवा करून घेण्याची सोय उरली नाही. परदेशी पंडितांना व्याख्यानांसाठी बोलाविण्याचाही परिपाठ ठेवला. आचारांग व कल्पसूत्र यांचे इंग्रजी भाषांतर करणारे आणि जैनधर्म हा बौद्धधर्माहून स्वतंत्र व प्राचीन आहे हे पाश्चात्त्य विद्वानांस पटवून देणारे जर्मन पंडित हर्मान याकोबी हे १९१३-१४ मध्ये अलंकारशास्त्रावर व्याख्याने देण्यासाठी याच विद्यापीठात आले होते.

१९२१ साली म्हैसूरहून एका बत्तीस वर्षांच्या प्राध्यापकास तत्त्वज्ञानाच्या सर्वोच्च अध्यासनावर बोलाविण्यात आले. ते सर्वपल्ली राधाकृष्णन. त्यांनीही तोवर परदेशात शिक्षण घेतलेले नव्हते. भाषाशास्त्रात सुनीतिकुमार चॅटर्जी, रसायनात प्रफुल्लचंद्र राय, इतिहासात रमेशचंद्र मजुमदार. ही नामावळी लांबविता येईल, परंतु त्याची गरज नाही.

या कार्यास दुसरी बाजू नव्हती असे नाही, आणि गौरवग्रंथांतून ती वगळली जाते म्हणून येथे सांगणे उचित. ‘मॉडर्न रिव्ह्यू’ मासिकाने आणि इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी आशुतोषांवर कठोर टीका केली. विद्यापीठात एकाच व्यक्तीची सत्ता चालते, परीक्षा सैल झाल्या आहेत, उत्पन्नाचा मेळ न घालता विभाग वाढविले जातात, हे त्यातील मुख्य आक्षेप. जदुनाथ हेही प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीचेच मानकरी होते. त्यांची टीका मत्सरापोटी होती असे म्हणून ती उडवून लावता येत नाही. ‘बंगालचा वाघ’ हे बिरुद लोकांनी आशुतोषांना प्रेमाने दिले खरे, पण वाघाच्या सहवासात सर्वांनाच मोकळा श्वास घेता येतो असे नाही. परीक्षा-शुल्काच्या उत्पन्नावर पदव्युत्तर विभागांचा डोलारा उभा होता. तो किती काळ टिकेल, हा प्रश्न रास्तच होता.

आणि तो प्रश्न लवकरच उभा ठाकला. १९२१ साली आशुतोष पुन्हा कुलगुरू झाले, तेव्हा विद्यापीठाची तूट पाच लाखांवर गेली होती. अध्यापकांचे पगार थकू लागले. बंगाल सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले, परंतु हिशेब व कारभार यांवर सरकारी देखरेखीच्या अटी त्यासोबत जोडल्या. डिसेंबर १९२२ मध्ये सिनेटपुढे हा प्रस्ताव आला. आशुतोषांनी तेथे केलेले भाषण त्यांच्या आयुष्यातील सर्वांत प्रखर भाषण मानले जाते. स्वातंत्र्य गहाण टाकून मिळालेला पैसा विद्यापीठास नको, प्रसंगी अध्यापक अर्धपोटी राहतील, असा त्याचा आशय होता. सिनेटने अटींसह मिळणारे अनुदान नाकारले. अर्धपोटी राहण्याचा निर्णय मात्र आशुतोष एकट्याच्या पोटाचा नव्हता, हे येथे विसरता येत नाही. न्यायमूर्तींचे वेतन त्यांना दरमहा मिळत होते. तरुण व्याख्यात्यांस ते मिळत नव्हते. तरीही पुष्कळ अध्यापक त्यांच्या पाठीशी राहिले. ज्या कुलगुरूने आपल्या वेळेचे मोल जाणले, त्याच्यासाठी त्यांनी ही झीज सोसली, असा त्याचा अर्थ मी लावतो.

१९२३ साली गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी, सरकारच्या धोरणास विरोध न करण्याच्या अटीवर, कुलगुरूपद पुढे चालू ठेवण्याची तयारी दाखविली. आशुतोषांनी त्यास जे उत्तर पाठविले ते त्या काळी साऱ्या देशात गाजले. पद गेले. पैशाअभावी माणसेही जाऊ लागली होती. सत्येंद्रनाथ बसू १९२१ मध्येच नव्या ढाका विद्यापीठात गेले होते, मजुमदारही तिकडेच गेले. साहा युरोपातून परतून प्राध्यापक झाले, पण प्रयोगशाळेसाठी निधी नाही म्हणून १९२३ मध्ये अलाहाबादला गेले. एखाद्या संस्थेचे हे अपयश मानावे की तिने घडविलेली माणसे इतरत्र जाऊन रुजली असे मानावे, यावर मतभेद होऊ शकतील. आशुतोषांना मात्र ते जाणे जड गेले असले पाहिजे.

घरातही त्यांनी दुःख कमी सोसले नाही. कन्या कमला अल्पवयात विधवा झाली, तेव्हा समाजाचा रोष पत्करून १९०८ साली त्यांनी तिचा पुनर्विवाह करून दिला. ती दुसऱ्यांदाही विधवा झाली आणि १९२३ मध्ये तिचे निधन झाले. तिच्या नावे त्यांनी विद्यापीठात व्याख्यानमाला सुरू केली. आईच्या नावे सुवर्णपदक आधीच ठेवले होते, ते पहिल्यांदा रवींद्रनाथांना मिळाले.

न्यायासनावरून निवृत्त झाल्यावर आशुतोष पुन्हा वकिलीकडे वळले. डुमराव संस्थानच्या खटल्यासाठी ते पाटण्यास गेले असता २५ मे १९२४ रोजी तेथेच त्यांचे अकस्मात निधन झाले. साठ वर्षे पुरी होण्यास महिनाभर अवकाश होता. भवानीपूरच्या घरातील ऐंशी हजारांहून अधिक ग्रंथ त्यांच्या कुटुंबियांनी पुढे १९४९ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास दिले; तो संग्रह तेथे त्यांच्या नावाने स्वतंत्र ठेवण्यात आला. चिरंजीव श्यामाप्रसाद १९३४ साली त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आशुतोषांच्या निधनानंतर दहाव्या दिवशी, ४ जून १९२४ रोजी, ढाक्याहून सत्येंद्रनाथ बसूंनी एक छोटासा निबंध आइन्स्टाइन यांच्याकडे बर्लिनला पाठविला. आइन्स्टाइन यांनी तो स्वतः जर्मन भाषेत उतरवून प्रसिद्ध करविला. जो विषय आशुतोषांनी दरमहा १२५ रुपयांवर या दोन तरुणांपुढे ठेवला होता, त्याच पुंज-सिद्धान्तावरचा तो निबंध होता.